आधी दगड, मग दार

भाच्याने बॉनेटवर हात ठेवला आणि पोळल्यासारखा मागे घेतला.

"गरम आहे," तो म्हणाला.

"चालवली की गरम होते," आत्या म्हणाल्या. मागच्या सीटवरून त्या भाजीची पिशवी ओढत होत्या. पिशवीचा बंद सीटच्या कडेत अडकला होता आणि भाच्याचा जीवही तिथेच अडकला होता, कारण त्या सीटचे कातडे त्याच्या वडिलांनी कुठून कुठून शोधून बसवून घेतले होते.

"कुठे नेली होतीस?"

"दुकानात. येताना बाजारात."

"आज?"

"आज, काल, परवा. बस बंद झाली तेव्हापासून रोज."

"रोज," भाचा म्हणाला. जणू घरात कुणी रोज दारू पितं असं त्याला सांगितलं होतं. "आत्या, ही रोज चालवायची गाडी आहे का?"

"मग कशाची आहे?"

त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. गाडी जुनी होती, भाच्याच्या वयाहून बरीच जुनी. गोल दिवे, फुगीर मडगार्ड, पुढे चकचकीत जाळी, आणि अंगावर पिकलेल्या डाळिंबासारखा गडद लाल रंग. तो रंग आत्यांच्या भावाने दिलेला. त्याआधी, आत्यांच्या वडिलांच्या वेळी, ती राखाडी होती. भावाने नोकरीतून सुटल्यावर तिच्यावर वेळ आणि जीव दोन्ही ओतले. इंजिन उतरवून नवे करून घेतले, दिवे, जाळी, सीटा, सगळे. मग वर्षातून दोन-तीन वेळा तिला प्रदर्शनाला न्यायचे, फोटो काढायचे आणि परत आणून शेडमध्ये कापडाखाली झाकायचे. शेड आत्यांच्या घराला लागून होती. वडिलांच्या मागे घर आत्यांकडे राहिले आणि गाडी दोघा भावंडांची राहिली. दोघांची म्हणजे शेड बहिणीची आणि किल्ली भावाची. दुसरी एक किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला लटकत होती, ती कुणाच्या लक्षात नव्हती. भाऊ गेला, आणि काही महिन्यांनी आत्यांनी ती खिळ्यावरून काढली.

"मडगार्डवर ओरखडा आहे," भाचा खाली वाकून म्हणाला.

"मांजराचा आहे."

"मांजर गाडीवर चढतं?"

"तुझ्या वडिलांच्या वेळीही चढायचं. ते आले की उतरायचं."

भाचा उठून उभा राहिला. त्याचे नाक अगदी त्याच्या वडिलांसारखे होते आणि राग आला की वडिलांसारखेच पांढरे पडे. "तुला गाडी हवी ना? मी तुला नवी घेऊन देतो. छोटी, सोपी, गिअर नसलेली. ही मला दे. बाबांची आठवण आहे, आत्या. तू हिच्यात कांदे वाहतेस."

"आज कांदे नव्हते," आत्या म्हणाल्या, आणि पिशवी घेऊन घरात गेल्या.

आत्या चष्म्याच्या दुकानात काम करत. मागच्या खोलीत यंत्रावर काच घासून तिला फ्रेमच्या आकाराची करायची, हे त्यांचे काम. हे करता करता केस पांढरे झाले होते, आणि मालकांचा मुलगा आता मालक झाला होता. लग्न झाले नाही. आधी आईचे आजारपण, मग वडिलांचे, आणि मग कुणी विचारायचेच थांबले. गाडी चालवायला त्या दुकानातच शिकल्या. डोळे तपासायची शिबिरे गावोगाव भरायची, तेव्हा दुकानाची व्हॅन त्याच हाकत. व्हॅन विकली, नंतर पुलापलीकडची बस बंद झाली, आणि मालक म्हणाले, आता घरी बसा, पुष्कळ केलंत. घरी बसायचे म्हणजे काय करायचे, हे आत्यांना ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेडचे दार उघडले.

पण जवळच्या बाजारात वापरलेल्या साध्या गाड्या पुष्कळ मिळत होत्या. मेकॅनिकनेही तेच सांगितले होते. "बाई, हिचा सांधा न् सांधा म्हातारा आहे. रोजच्याला दुसरी घ्या. ही रविवारची बाई आहे."

"मीही म्हातारी आहे, आणि सोमवारची आहे," आत्या म्हणाल्या होत्या.

हीच का, हे त्यांनी त्याला सांगितले नाही. भाच्यालाही सांगितले नाही. सांगायचे तर फार मागे जावे लागले असते.

तेव्हा ती कुणाची आत्या नव्हती, नुसती ताई होती. घर चढावर होते, तसे ते अजूनही आहे. गल्ली फाटकापासून सरळ खाली मोठ्या रस्त्याला जाऊन मिळते. वडील नकाशे काढायच्या कचेरीत होते. त्यांनी ही गाडी कुणाकडून तरी जुनी म्हणूनच घेतली, आणि पहिल्या थंडीपासून तिने किल्लीने सुरू व्हायला नकार दिला. मग रोज सकाळी एकच प्रकार. वडील स्टिअरिंगशी, धाकटा भाऊ त्यांच्या शेजारी दप्तर मांडीवर घेऊन, आणि आई अन् ताई मागे. ढकलायचे. उतार लागला की गाडी आपणहून पळू लागे, वडील दुसरा गिअर टाकत, गाडीला एक उचकी लागे, काळा धूर निघे आणि इंजिन सुरू होई. एकदा सुरू झाली की तिला थांबवायची नसे. थांबवली तर पुन्हा ढकलणे आले. त्यामुळे जो ढकलायचा त्याला तिच्यात कधी बसता येत नसे. भाऊ शाळेत गाडीतून जाई. ताई त्याच शाळेत चालत जाई, तळहात काळे करून. बाईंनी एकदा विचारलेही, "कोळसा फोडून आलीस का?"

संध्याकाळी वडील परतत तेव्हा गाडीचे तोंड उताराकडे करून ठेवत, उद्याची सोय म्हणून. हँडब्रेक कर्रकन ओढत आणि गिअर काढून घेत. गाडी गिअरमध्ये सोडायची नाही, त्याने गिअर झिजतात, हा त्यांचा नियम होता. घरातल्या देवासारखा पाळला जाई. हँडब्रेकचा तर त्यांना भारी अभिमान. पाहुण्यांना मुद्दाम उतारावर उभी गाडी दाखवत, "बघा, डोंगरावर सोडून या, हलायची नाही."

ती हलत नसे कारण पुढच्या चाकाखाली दगड असे. काळा, तिकोनी, एका बाजूने घासून गुळगुळीत झालेला. तो आई ठेवायची. हँडब्रेक धरत नाही हे आईला पहिल्याच आठवड्यात कळले होते, कारण गाडीमागे तीच उभी असायची. तिने एकदा नवऱ्याला सांगितलेही. त्यावर वडील महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "आमच्या घरात इंजिनिअर आहे बरं का, पोळपाटाशी असते." त्यानंतर आई पुन्हा बोलली नाही. लेकीला तिने शिकवले ते एवढेच, "त्यांचा पाय ब्रेकवर आहे तोवर दगड जागेवर हवा. आधी दगड, मग दार. आणि तोंडातून अवाक्षर नाही."

गाडीचा आवाज आला की ताई फाटकात दगड घेऊन तयार. वडील कागदपत्रे गोळा करत, चष्मा काढून खिशात घालत, आणि दार उघडायच्या आत चाक दगडावर येऊन टेकलेले असे. टेकताना बारीक आवाज होई, टक. रबराचा आणि दगडाचा. तो वडिलांनी कधी ऐकला नाही. भावानेही नाही. माणूस गाडीच्या आत असला की ऐकू येत नाही.

पुढे भावाचे लग्न झाले. नव्या नवरीला घेऊन गाडी फाटकाशी थांबली, आणि ताईने दगड वहिनीच्या हातात दिला. "हा घ्या. गाडी थांबली की आधी हा." वहिनी नव्या कोऱ्या कपड्यांत, हातात तो मातकट दगड, समोर सगळी माणसे. तिला वाटले नणंद आपली टर उडवते आहे. नणंदेला वाटले आपण घरातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हिच्या हवाली केली आणि हिने तोंड वाकडे केले. त्या दिवसापासून दोघी एकमेकींना पाण्यात पाहत आल्या. इतक्या वर्षांत 'तुम्ही' काही सुटले नाही. दगड मात्र वहिनी ठेवत राहिली. वेगळे घर केले, प्रदर्शने सुरू झाली, तरी गाडी थांबली की आधी वहिनी उतरे. नवऱ्याला तिनेही सांगितले नाही. त्याने गाडीत सगळे नवे केले, हँडब्रेक मात्र तसाच ठेवला. त्याची कधी तक्रारच नव्हती.

आता आत्या एकट्या चालवत. एकटीने दगड लावायचा तर वडिलांचा नियम मोडावा लागे. गाडी गिअरमध्ये सोडून उतरायचे, दगड लावायचा, मग आत हात घालून गिअर काढायचा. गाडी तसूभर पुढे येई आणि टक. तेव्हा कुठे गाडी घरी आली असे त्यांना वाटे.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी भाचा नवी गाडी घेऊन आला. पांढरी, औषधाच्या डबीसारखी. मागच्या सीटवर वहिनी बसल्या होत्या.

"चालवून तर बघ," भाचा म्हणाला. "मग नाही म्हण."

आत्या स्टिअरिंगशी बसल्या. गाडीने टिंग टिंग सुरू केले.

"काय म्हणते?"

"पट्टा लाव म्हणते."

पट्टा लावला. टिंग टिंग चालूच.

"आता काय?"

"दार नीट लागलं नाही तुझं."

"बरं आहे," आत्या म्हणाल्या. "एकटीच्या घरात चुका काढायला कुणी नव्हतं. ती सोय झाली."

"मी तरी एकदाच सांगायचे, वन्सं," मागून वहिनी म्हणाल्या.

"एकदा सांगायचात आणि आठवडाभर तोंड फुगवून बसायचात. ही निदान दार लावलं की गप्प होते."

भाचा मध्ये पडला. "आता इथे चढावर थांबव. आता ब्रेकवरचा पाय काढ. काढ ना. बघितलंस? मागे जात नाही. आपणहून धरून ठेवते. तुला काही करायलाच नको."

आत्यांनी आरशात पाहिले. वहिनी आरशातून त्यांच्याकडेच पाहत होत्या. क्षणभर दोघींची नजर एकमेकींवर टेकली, मग दोघींनीही ती काढून घेतली.

घरी परतल्यावर आत्यांनी किल्ली भाच्याच्या तळहातावर ठेवली. "चांगली आहे. तुझ्या आईला घे."

"मग तू काय करणार?"

"मला आहे गाडी."

"हा हट्ट आहे, आत्या."

"आहे."

"त्या गाडीचं तुला काय कळतं? कार्ब्युरेटर कशाशी खातात ते माहीत आहे? बाबांनी एकेक स्क्रू शोधून आणलाय. तू काय केलंस त्या गाडीसाठी आजवर?"

आत्यांनी आपले तळहात पाहिले. काच घासून घासून त्यांच्या रेषा पुसट झाल्या होत्या. काळे मात्र कधीचेच गेले होते.

"रिकाम्या घरात बसून माणूस असं होतं," वहिनी भाच्याला म्हणाल्या, पण आत्यांना ऐकू जाईल अशा बेताने. "आपल्याला काही नाही, तर दुसऱ्यालाही लाभू द्यायचं नाही."

"वहिनी, चहा घेणार की हेच पुरे?"

भाचा शेवटी नरमल्यासारखा झाला. रविवारी प्रदर्शन होते. बाबा गेल्यानंतरचे पहिलेच. निदान तेवढ्यापुरती गाडी दे, बाबांच्या नावाची पाटी लावणार आहेत. आत्या म्हणाल्या, सोमवारी मला दुकानात जायचं आहे. तो म्हणाला, सोमवारी सकाळी गाडी शेडमध्ये असेल. हे म्हणताना तो टायरकडे पाहत होता.

"मीही येईन," आत्या म्हणाल्या.

शनिवारी तो गाडी धुवायला आला. आत्या दुकानातून परतल्या तेव्हा गाडी आरशासारखी झाली होती आणि शेडच्या भिंतीपाशी तिच्यातून निघालेले सामान पडले होते. छत्री, पाण्याची बाटली, पुसायचे फडके, बाजाराची पिशवी. दगड दिसेना.

"डिकीत धोंडा कशाला ठेवला होतास?" भाचा हात पुसत म्हणाला. "आतला रंग खरवडला गेलाय. टाकून दिला."

"कुठे?"

"असेल तिथे, झाडांत."

तो गेल्यावर आत्यांनी झाडांतून दगड शोधून काढला, नळाखाली धुतला, आणि बाजाराच्या पिशवीच्या तळाशी ठेवला.

प्रदर्शन एका क्लबच्या हिरवळीवर होते. हिरवळ उतरती होती. गाड्या ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीसमोर पाटी, आणि गाडीवाले पुरुष एकमेकांच्या गाड्यांखाली वाकून पाहत होते. बायका खुर्च्यांवर सावलीत. गाडी भाच्याने चालवली, पुढे त्याच्या शेजारी वहिनी, मागे आत्या, मांडीवर पिशवी. पिशवी जड होती. भाच्याने विचारले नाही.

आपल्या जागेवर त्याने गाडीचे तोंड उताराकडे केले, म्हणजे खालून येणाऱ्याला जाळी दिसावी. हँडब्रेक कर्रकन ओढला. गिअर काढला. तोवर दोघी जणी उतरल्या होत्या. मग तोही उतरला आणि कुणाला तरी हात करत वरच्या बाजूला गेला.

वहिनी सवयीने पुढच्या चाकापाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. "डिकीत नाही तो, वन्सं," त्या हळूच म्हणाल्या. "दगड."

"माझ्याकडे आहे."

आत्यांनी पिशवीत हात घातला. दगड हाताला लागला, त्याची गुळगुळीत बाजू बरोबर तळव्यात बसली. तेवढ्यात पलीकडच्या गाडीमागून भाच्याचा आवाज आला. त्याच्याबरोबर क्लबचे अध्यक्ष होते, डोक्याला टोपी घातलेले.

"रोज चालवतात ऐकलं हिला," अध्यक्ष म्हणत होते. "खरं का?"

"चालवत होती. आमची आत्या." भाचा हसला. "भाजी आणायची हिच्यातून. आजपासून बंद. इथून गाडी थेट माझ्याकडे. कव्हर आणि कुलूप. दोन्ही किल्ल्या घेतल्यात मी, तिची खिळ्यावरची पण आज सकाळी उचलली."

"त्या काही म्हणायच्या नाहीत?"

"म्हणेल. दोन दिवस. मग बसेल गप्प. दुसरं करणार काय ती?"

अध्यक्षही हसले. दोघे पुढच्या गाडीकडे गेले.

आत्यांनी वहिनींकडे पाहिले. वहिनी गवताकडे पाहत होत्या.

"तुम्हाला माहीत होतं."

"मी त्याची आई आहे," वहिनी म्हणाल्या.

ही गाडी ब्रेकवरून पाय काढला की लगेच निघत नसे. आधी एक श्वास घ्यायची, आज मऊ गवताने तो लांबवला होता. ताणलेली तार हळूहळू सैल व्हायची आणि मग चाक विचार केल्यासारखे हलायचे. तेवढा वेळ हाच त्या दोघींचा सगळा वेळ होता. तेवढ्यात दगड ठेवून कपडे झटकून उभे राहायचे, काही न केल्यासारखे. दोघींनाही तो वेळ अंगवळणी पडला होता.

आत्यांनी उताराच्या टोकापर्यंत पाहिले. खाली कुणी नव्हते. मेंदीचे कुंपण, आणि त्यात क्लबच्या जुन्या फाटकाचा दगडी खांब. मधे सगळे रिकामे गवत. आपण आधी नीट पाहून घेतले होते, हे पुढे त्यांना पुष्कळदा आठवायचे होते.

चाक हलले.

"वन्सं," वहिनी म्हणाल्या.

आत्यांचा हात पिशवीतच होता.

"वन्सं, अहो."

वहिनींना ओरडता आले असते. भाचा हाकेच्या अंतरावर होता. वहिनींनी तोंडावर पदरासारखा हात नेला आणि तो तिथेच ठेवला.

गाडी निघाली. इंजिन बंद, त्यामुळे आवाज काहीच नाही. ऊन अंगावर घेत, जाळी पुढे करून, ती हिरवळ उतरू लागली, इतक्या ऐटीत की सावलीतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटले संचलन सुरू झाले. मग तिने वेग घेतला. वर कुणीतरी "अरे, अरे" म्हणाले, भाचा धावत सुटला, आणि त्याच वेळी कुंपणातून खांबाचा आवाज आला. पत्र्याचा दणका मोठा होता, पण आत्यांच्या कानांनी त्यातून काचेचा आवाज वेगळा काढला. काच फुटली की ती जाड आहे की पातळ, हे त्यांना न पाहता कळे. ही जाड होती.

डावा दिवा गेला होता. डावे मडगार्ड आत चेपले होते, जाळीचे दात वाकले होते. रेडिएटर वाचला होता. चेपल्या जागी लाल रंगाचे पापुद्रे उडाले होते आणि खालून राखाडी रंग दिसत होता, वडिलांचा. आत्यांनी तो किती वर्षांनी पाहिला.

भाचा गाडीशेजारी गवतात बसला होता. अध्यक्षांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"मी हँडब्रेक ओढला होता," भाचा सगळ्यांना सांगत होता. "तुम्ही ऐकला असेल. ओढला होता मी."

"आम्ही ऐकला," कुणीतरी म्हणाले.

"हा ब्रेक आजोबांपासून कधी सुटलेला नाही. बाबा सांगायचे, डोंगरावर सोडून या." मग त्याला आत्या दिसल्या. तो उठला. नाक पांढरे पडले होते. "तू. रोज रोज चालवून घासून टाकलास तो. एवढी वर्षं धरत होता. सहा महिन्यांत वाट लावलीस तू त्याची."

वहिनींनी तोंड उघडले. आत्यांनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही.

"असेल," आत्या म्हणाल्या.

"असेल? एवढंच?"

"एवढंच."

भाच्याने खिशातून दोन्ही किल्ल्या काढल्या आणि गवतात टाकल्या. "घेऊन जा. आता काय लायकी राहिली तिची? आण भाजी. कांदे आण, बटाटे आण. मला तोंड दाखवू नकोस, आणि तिचंही दाखवू नकोस."

आत्या किल्ल्या उचलायला वाकल्या. पिशवी खांद्यावरून घसरली, जमिनीला टेकली, आणि आतून ठक्क असा आवाज झाला. भाच्याने पाहिले, पण त्याला त्यात काही दिसले नाही.

गाडी चालत होती. कुंपणातून मागे काढली तेव्हा पानांचा ढीग तिच्यासोबत आला. आत्या फाटकाकडे वळल्या, तर वहिनी वाटेत उभ्या. त्यांनी पुढचे दार उघडले आणि शेजारी बसल्या.

"मला बसथांब्यावर सोडा. त्याच्याबरोबर आत्ता बसवणार नाही मला."

वाकलेले मडगार्ड टायरला घासत होते, प्रत्येक वळणावर कुरकुर होत होती.

"तुमच्या पिशवीत होता तो," वहिनी म्हणाल्या.

"होता."

"हात आत होता तुमचा."

"होता. तुमचेही दोन हात होते, वहिनी. आणि तोंडही."

वहिनी खिडकीबाहेर पाहू लागल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही तो दगड माझ्या हातात दिलात त्या दिवशी. सगळ्यांसमोर. मला वाटलं, हिला मला हसायचं आहे."

"माहीत आहे."

"सांगायचं होतं मग, की तसं नाही."

"तुम्ही विचारायचं होतं."

"ह्यांना शेवटपर्यंत वाटत होतं ब्रेक चांगला आहे. दवाखान्यातसुद्धा सांगत होते नर्सला, आमच्या गाडीचा ब्रेक." वहिनी थोडेसे हसल्यासारखे करून थांबल्या. "आवडायचं मला ते. ते दार उघडून उतरायचे आणि त्यांना काही माहीत नसायचं."

आत्यांनी गिअर बदलला. त्यांना हे कधी सुचले नव्हते, की तो दगड कुणाला आवडीनेही ठेवता येतो.

बसथांबा आला. आत्यांनी गाडी थांबवली, पाय ब्रेकवर ठेवला. वहिनी उतरल्या आणि दार धरून वाकल्या.

"त्याला मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण विसरणारही नाही. ह्यांची गाडी होती ती."

"नका विसरू," आत्या म्हणाल्या. "माझीही होती."

वहिनींनी दार लावले. नीट लावले, उघडून पुन्हा एकदा लावले.

मेकॅनिकने मडगार्ड ठोकून बाहेर काढले, जाळी जमेल तेवढी सरळ केली. तसा दिवा आता मिळत नव्हता. त्याने दुसऱ्याच कुठल्या गाडीचा, थोडा लहान, बसवून दिला. दुकानात मालक म्हणाले, "बाई, गाडीला तिरळेपणा आलाय. आपल्याकडून चष्मा लावून घ्या तिला." आत्या हसल्या. तसाच लाल रंग मिळवून देऊ का, असे मेकॅनिकने विचारले, तेव्हा त्या नको म्हणाल्या. राखाडी डाग तसाच राहिला.

"आणि हँडब्रेकची तार बदलली," मेकॅनिक म्हणाला. "साफ गेली होती. आजची नाही, फार जुनी. एवढी वर्षं उतारावर उभी कशी राहायची ही?"

"राहायची."

"नवीन टाकलीय. आता बिनधास्त सोडा."

सोमवार कधीच होऊन गेला होता. तो कुठलासा मधला वार होता, उन्हे उतरत आली होती. आत्यांनी गल्ली चढून गाडीचे तोंड उताराकडे केले आणि ती फाटकाशी उभी केली. हँडब्रेक ओढून, गिअरमध्ये सोडून उतरल्या. दगड पुढच्या चाकाखाली लावला, गुळगुळीत बाजू टायरकडे. मग आत वाकून गिअर काढला आणि चाकाजवळ येऊन उभ्या राहिल्या.

गाडी हलली नाही.

टायर आणि दगड यांच्यात बोटभर जागा होती. आत्या थोडा वेळ थांबल्या. खाली मोठ्या रस्त्यावरून गाड्या जात होत्या, शेजारच्या घरात कुणी भांडी घासत होते. मग त्या खाली बसल्या आणि दगड आत सरकवून चाकाला नीट टेकवला. उठून हात झटकले, भाजीची पिशवी घेतली आणि फाटक उघडले.